बरडीतला सोमवार

आमच्या भागात मुलीसाठी स्थळ बघताना मुलगा काय करतो हे मागाहून विचारत. आधी विचारत, जमीन कोणती. कन्हार म्हणजे काळी, चिकट, पाणी धरून बसणारी. तिथे मुलगी निर्धास्त द्यावी. सिहार म्हणजे पिवळसर, हलकी, राबलं तर देणारी. तिथे द्यावी, पण अधूनमधून चौकशी करावी. आणि बरडी म्हणजे लाल, मुरमाड, खडेच खडे. तिथे मुलगी देऊ नये, दिलीच तर सोबत वर्षाचे तांदूळ द्यावेत. माझी सगुणाआत्या या नियमाप्रमाणे अस्सल कन्हारीत दिलेली होती. बाबांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भावानं, स्वतः जाऊन त्या जमिनीचं ढेकूळ हातात घेऊन फोडून पाहिलं होतं आणि खूश होऊन परत आले होते. दोन वर्षांनी नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि आत्या पत्र्याची एक पेटी घेऊन आमच्याकडे आली ती कायमची. माती पाहिली, माणूस पाहायचा राहिला, असं आई म्हणायची. बाबा घरात नसताना म्हणायची.

बाबांनी तिला बिरसीच्या वाटेवरची बरडीची एक बांधी दिली. बांधी म्हणजे चारी बाजूंनी मातीचा धुरा घातलेला धानाचा तुकडा. ही अर्ध्या एकराची होती आणि तिच्यात धान कधी झालाच नव्हता. तीळ व्हायचे, कोदो व्हायचा, आणि काहीच नाही झालं तर खडे होतेच. आता त्या बांधीवरून बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. खाली वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करणाऱ्या बायका पहिल्या वर्षी माना वर करून पाहत होत्या, आता करत नाहीत. तेव्हा मात्र वरून फक्त बगळे जायचे, आणि तेही कन्हारीकडे.

आत्यानं मागच्या सपरीत, पडवीच्या छपराखाली, स्वतःची वेगळी चूल घातली होती. चूल तिची, मडकं तिचं, सरपण तिनं वेचून आणलेलं. तांदूळ मात्र आमच्या ढोलीतला, म्हणजे कणगीतला. रोज सकाळी ती सूप घेऊन ढोलीपाशी यायची, दोन मुठी घ्यायची, आणि आई त्या वेळी मुद्दाम दुसरीकडे बघायची. आई वाईट नव्हती, पण तिचं ते दुसरीकडे बघणं सगळ्या घराला दिसायचं. दुपारी सपरीतून पेजेचा वास यायचा, लाखोळीच्या डाळीला लसणाची फोडणी बसल्याचा आवाज यायचा आणि मी माझं ताट घेऊन तिच्याकडे जाऊन बसायची. तिच्या हातच्या सुक्या झिंग्यांच्या चटणीसाठी मी आईचा रुसवाही पत्करत असे. एकदा मी विचारलं, आत्या, तू जेवताना खाली मान घालून का जेवतेस? ती म्हणाली, "भात तोच असते, शालू. पन घशाखाली उतरताना इचारते, कोनाचा?" मला तेव्हा ते कळलं नाही. मी आणखी चटणी मागून घेतली.

मी दहावीला असताना गावात कृषी खात्याचा एक साहेब येऊ लागला. सायकलवर, पँटच्या पायांना चिमटे लावून. त्यानं आमच्याकडे तीन मातींमध्ये सुपरचं प्रात्यक्षिक ठरवलं: बाबांच्या कन्हारीत, बाबांच्या सिहारीत आणि आत्याच्या बरडीत. सुपर म्हणजे स्फुरदाचं खत, राखेसारखं करडं आणि वासाला आंबूस. आईनं चिमूटभर हातात घेऊन, चुलीतली राख पोत्यात भरून आणायला सायकल कशाला लागते, असं विचारलं. प्रत्येक बांधीच्या निम्म्या भागात साहेबानं सुपर फेकलं, निम्म्यात नाही, आणि मध्ये पांढऱ्या खुंट्या ठोकल्या. कन्हारीत दोन्ही भाग सारखेच आले; खुंट्या नसत्या तर साहेबालाही सांगता आलं नसतं. तिथे आधीचंच पुरेसं आहे, असं तो म्हणाला. सिहारीत सुपरच्या बाजूला फुटवेच फुटवे, आणि बाबा गावभर असं सांगत फिरले की ही कल्पना मूळची त्यांचीच. बरडीत दोन्हीकडे सारखाच खुरटा धान. उलट त्याचा रंग चांगला गडद हिरवा होता आणि बाबांना तो आवडलाही, पण साहेब म्हणाला, "रंगावर जाऊ नका. ही उपासमार आहे."

मग सपरीत बसून, आईनं दिलेला काळा चहा पीत, त्यानं बाबांना समजावलं. युरिया पाण्याबरोबर चालतो. स्फुरद चालत नाही. टाकाल तिथे बसतं, मुळानं त्याच्याकडे जायचं. आणि या लाल मातीत लोह फार, ते स्फुरदाला धरून ठेवतं.

"म्हंजे हाय, पन देत नाई," बाबा म्हणाले.

"बरोबर."

"माजा सासरा असाच हाय."

आत आईच्या हातून पितळी गंज खणकन पडला. साहेब घाईघाईनं पुढे सांगू लागला की बरडीत खत फेकून उपयोग नाही. सुपरचा आणि मातीचा दाट काला करायचा आणि रोवणीच्या आधी पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, मुळं त्यात बुडवायची. खत मुळालाच चिकटून जातं. मातीनं ओढून घ्यायच्या आत रोप खाऊन घेतं. आत्या दाराआड उभी होती. साहेब गेल्यावर तिनं त्याचा कप उचलला आणि विसळण्याऐवजी हातात धरून बराच वेळ उभी राहिली.

त्याच दिवाळीनंतर कामठ्याकडून एक पाहुणा आला. विधुर, दोन मुलं मोठी, तोंडभर पान, सोबत केळ्यांचा फणा. माणूस वाईट नव्हता. असता तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. तो आत्याशी पाट लावायला, म्हणजे दुसरं लग्न करायला, तयार होता. बाबांना ते हवं होतं, आणि त्यात आत्याला घालवून देण्याचा भाग नव्हता. पहिलं लग्न त्यांनी जुळवलं होतं आणि ते त्यांच्या छातीवर बसून होतं.

"सगुणा, मी का जन्माले पुरतो? माज्या मागं तुले कोन पाहीन?" ते म्हणाले.

"मले नाई जायाचं, दादा."

"काऊन?"

"एकदा जाऊन पायलं. तिथचा भात दुसऱ्याचा, इथचाई दुसऱ्याचा. मंग इथचाच बरा."

मग आत्या म्हणाली, "पुढच्या साली बरडीत चार पोते धान काढीन. एका मानसाले वर्सभर पुरते. मंग तं नाई धाडणार?"

"बरडीत? चार?"

"चार."

"आन नाई झाले तं?"

"तं जाईन. मुकाट जाईन."

बाबांनी होकार दिला. बरडीला ते तिच्यापेक्षा जास्त ओळखत होते. पाहुण्याला निरोप गेला की पुढची दिवाळी होऊ द्या, आणि केळी आम्ही खाल्ली.

पुढच्या पावसाळ्यात साहेब सुपरचं पोतं टाकून गेला आणि घरात सगळ्यांत चांगलं वाचता येणारी म्हणून कृती लिहिलेला कागद त्यानं माझ्या हाती दिला. मी त्या वर्षी दहावी पास झाले होते, विज्ञानात मला चांगले गुण होते, आणि मी घरात कुणाशी बोलताना पंख्याकडे बघून बोलायची. पऱ्हे उपटायच्या दिवशी आत्यानं धुऱ्यापाशी बाजेएवढा उथळ खड्डा खणला. आम्ही दोघींनी पायांनी तुडवून पिठल्याइतका दाट काला केला. बाबांनी त्यांचं मनगटी घड्याळ त्या दिवसापुरतं मला दिलं होतं. मी कागद वाचला: मुळे पंधरा मिनिटे बुडवावीत, मग रोवावे.

आता आमच्याकडची रीत अशी, की पऱ्हे आज उपटायचे, त्यांच्या जुड्या बांधायच्या, रात्रभर बांधीच्या पाण्यात उभ्या करून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या की रोवायच्या. पिढ्यान्‌पिढ्या असंच. रोवणाऱ्या बायका उद्या येणार होत्या. काला तयार होता, जुड्या तयार होत्या, आभाळ भरलं होतं. आत्यानं मला विचारलं, "पंधरा मिनिटं लिवलं हाय. आपन जुड्या रातभर पान्यात ठेवतो, तशा यातच ठेवल्या तं चालते का?"

मला माहीत नव्हतं. एवढंच म्हणायचं होतं, की माहीत नाही. पण त्या वयात मला ते वाक्य येत नव्हतं. मी म्हणाले, "जास्त ठेवलं तर जास्त मिळेल." लोणचं मुरतं तसं, असंही वर म्हणाले. आत्यानं मान हलवली आणि सगळ्या बांधीच्या जुड्या एकेक करून काल्यात उभ्या केल्या. त्यांच्याकडे पाहून मला फार समाधान वाटलं होतं हे मी इथे लिहून ठेवते, कारण ते खरं आहे.

सकाळी मुळं चहाच्या चोथ्यासारखी झाली होती. ताज्या सुपरात आम्ल असतं. पंधरा मिनिटं मूळ सोसतं, रात्रभर नाही. हे मला पुढे कॉलेजात कळलं. रोवणाऱ्या बायकांची म्होरकी गयाबाई, तोंडानं फटकळ आणि हातानं चपळ, तिनं एक जुडी उचलून नाकाशी नेली. "हे काय व माय, लोनचं घातलं का? कोनं सांगतलं असं ठेवायले?"

मी धुऱ्यावर उभी होते. बाबाही होते. आत्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "मीच ठेवल्या. नेहमीसारख्या." कागदाचं कुणी विचारलं नाही. बायकांनी ते पऱ्हे रोवले, कारण आल्यावर रोवणं हे त्यांचं काम होतं, आणि आठ दिवसांत बांधीभर गवतासारखे वाळून गेले. संध्याकाळी त्यांनी फक्त घड्याळ परत मागितलं. मी सपरीच्या मागे जाऊन रडले, आणि रडताना मला सगळ्यात जास्त भीती ही वाटत होती की आत्या गेल्यावर ती चूल तशीच राहील आणि ती रोज मला दिसेल.

आमच्या गावात एक चांगली रीतही आहे. रोवणा संपला की उरलेले पऱ्हे धुऱ्यावर टाकून देतात, आणि ज्याला कमी पडले त्यानं विचारून घेऊन जावं; नाही म्हणत नाहीत. आत्या टोपली घेऊन तीन दिवस गावभर हिंडली. कुणाकडून दहा जुड्या, कुणाकडून चार, एका घरी तर एकच, आणि तीही त्यांच्या म्हशीनं अर्धी खाल्लेली. चौथ्या दिवशी तिनं पुन्हा काला केला आणि मला म्हणाली, "दादाले घड्याळ माग. आता तूच मोज." मी मागितलं. बाबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दिलं. त्या दिवसापासून चार दिवस मी खड्ड्याच्या काठावर गुडघाभर चिखलात उभी राहून सकाळपासून पाच वाजेपर्यंत मिनिटं मोजली. पंधरा झाली की मी ओरडायची, आत्या जुड्या उचलायची आणि एकटीच वाकून रोवायची. चौदाव्या मिनिटाला तिनं हात घातला तर मी तिच्यावरही ओरडायची. पऱ्हे सगळ्या बांधीला पुरले नाहीत. एका कोपऱ्यात रिकामी जागा उरली. तिथे साहेबाची प्रात्यक्षिकाची पाटी होती.

धान आला. बरडीत, त्या लाल खड्यांमध्ये, फुटवे आले. मी रोज अकरावीच्या वर्गातून येताना मोजायची आणि रोज वाढलेले वाटायचे, जरी फुटवे असे रोज वाढत नाहीत. फक्त पऱ्हे दहा घरचे असल्यानं धानही दहा तऱ्हेचा निघाला: हलका, म्हणजे लवकर येणारा, पिवळा झाला, भारी, म्हणजे उशिराचा, अजून पोटरीतच, काही गुडघ्याएवढा, काही कमरेएवढा. साहेब पाहायला आला तेव्हा त्यानं वही उघडली, बांधीकडे पाहिलं, आणि विचारलं, "वाण कोणता?" आत्या म्हणाली, "सगळ्याईचा." त्यानं वही बंद केली. पण जाताना तो बांधीत उतरला, एक रोप उपटून त्याचं मूळ हातात धरून पाहिलं आणि हसला. कापणी तीन वेळा करावी लागली, जसजसा पिकला तसतशी. आत्या एकटीच विळा घेऊन जायची.

दिवाळी झाली. अंगणात शेणानं सारवलेल्या जागेवर धान उपणून ढीग घातला आणि बाबा स्वतः पोती भरायला बसले. आई दारात होती, मी खांबाला धरून. तीन पोती भरून त्यांची तोंडं शिवली. चौथ्यात बाबांनी सुपानं ओतायला सुरुवात केली. पोतं कमरेपर्यंत आलं आणि ढीग संपला. बाबांनी हातानं जमीन झाडून शेवटचे दाणेही आत टाकले. ते पोतं काही उभं राहीना. त्यांनी सोडलं की वाकून बसायचं. साडेतीन. तो रिकामा कोपरा भरला असता तर चार झाले असते, आणि माझं डोकं ठिकाणावर असतं तर पाचही. "बाबा," मी म्हणाले, "ते पऱ्हे..."

"साडेतीन पुरते," आत्या मध्येच म्हणाली.

"चार ठरले होते, सगुणा," बाबा म्हणाले. हरलेला माणूस बोलतो तसे ते बोलत होते, आणि खरं तर जिंकले होते.

"एका मानसाले वर्सभर पुरला पायजे, असं ठरलं होतं. आठवड्यातनं एक दिस उपास धरीन. मंग साडेतीनच लागते. वरतून पायलीभर उरते, पावन्यासाठी."

बाबा मनातल्या मनात आकडेमोड करत राहिले. ओठ हलत होते. आई दारातूनच म्हणाली, "बराबर हाय तिचं." आत्याच्या बाजूनं ती बोललेली मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"कोनता दिस?" बाबांनी शेवटी विचारलं.

"सोमवार. महादेव काई बोलत नाई."

कामठ्याला निरोप गेला. त्या संध्याकाळी आत्यानं नव्या धानातला थोडा उखळात कांडला आणि भात शिजवला. दहा तऱ्हेचा तांदूळ. काही शितं मऊ होऊन फुटली, काही कच्चीच राहिली. ती मान वर करून जेवली. मला म्हणाली, "घे," आणि मी घेतला, पण माझ्या घशाखाली तो नीट उतरला नाही.

पुढच्या वर्षी बरडीत पाच पोती झाली. नंतर कधी सहाही. उपास मात्र सुटला नाही. मी म्हणाले, आता कशाला? तर म्हणाली, "महादेवाले सांगून बसली मी. आता पोते वाढले म्हनून त्याले काय सांगू?" सोमवारी ती तळ्यातले शिंगाडे उकडून खायची, ते संपले की रताळी. गावात तिचा मान वाढला. बायका पाया पडू लागल्या. महाशिवरात्रीला आमच्याकडच्या प्रतापगडच्या महादेवाला जाणारे लोक तिच्या हाती नारळ देऊन जात, कारण तिचं महादेवाशी जमतं असा समज होता. तिनं तो कधी मोडला नाही, आणि त्या उपासामागे माझं ते एक वाक्य होतं हे तिच्याखेरीज मलाच माहीत होतं. बाबांनाही पऱ्ह्यांचं शेवटपर्यंत कळलं नाही. निदान मी तसं धरून चालते.

मी पुढे माती तपासायच्या नोकरीत आयुष्य काढलं. बरडीच्या शेतकऱ्याला मुळं बुडवायला सांगताना मी पंधरा मिनिटं हे इतक्यांदा बजावायची की माझ्या टेबलापाशी आलेली माणसं मागे हसायची. आणि एखाद्यानं असं काही विचारलं जे मला येत नसे, तर मी लगेच सांगायची, माहीत नाही. याला धाडस लागत नाही. एकदा अर्ध्या एकराचे पऱ्हे जाळावे लागतात, मग येतं.

आत्या गेली त्याला बरीच वर्षं झाली. ती गेली त्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी गोंदियाच्या घरी ताटावर बसले आणि मला जेवता आलं नाही. तेव्हापासून मी सोमवार धरला आहे. परवा सुनेनं पुन्हा टोकलं. ती माझ्याशी हिंदीतच बोलते. "मम्मी, डॉक्टर ने मना किया है ना? शुगर डाउन हो जाएगी. किस भगवान का है ये व्रत?"

मी म्हणाले, "देवाचा नाही, बाई. पंधरा मिनिटांचा."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शिंगाडे उकडायला ठेवले.